दहा पिक्सेलची चौकट

बाबांच्या ब्लॉगपायी माझे दोन वर्षांचे रविवार गेले. गेले म्हणजे गेलेच, आता कोणी आणून देणार नाही. लोक रविवारी केस धुतात, दुपारी लोळतात, पाहुण्यांकडे जातात. मी कम्प्युटरपुढे बसून अक्षर अठरा पिक्सेलचं वीस करायची, आणि मागे खुर्ची टाकून बसलेले बाबा म्हणायचे, "अजून बारीकच दिसून राह्यलं."

घरात कम्प्युटर समजणारी मी एकटी, म्हणून हे काम माझ्या गळ्यात. समजणारी म्हणजे काय, तर तालुक्याच्या एका कचेरीत मी दिवसभर माहिती भरते. पण कीबोर्ड बडवणारा माणूस म्हणजे कम्प्युटरचा डॉक्टर, असा आमच्या दारव्ह्यात समज आहे. सोमवार ते शनिवार सरकारचे रकाने भरायचे आणि रविवारी बापाचे. लग्न केलं नाही ते एका परीने बरंच झालं म्हणायचं, नाहीतर तिसरे रकाने कधी भरले असते कोण जाणे.

ब्लॉग उघडायला काही अक्कल लागत नाही. त्याला तयार रूप मिळतं, त्याला थीम म्हणतात. मी एक फुकटातली थीम उचलली, बाबांच्या वहीतला पहिला मजकूर टाइप करून चढवला आणि म्हटलं, झालं, सुटले. बाबांनी चष्मा लावला, स्क्रीनजवळ नाक नेलं आणि म्हणाले, "शिरोरेखा तुटली."

बाबा चौतीस वर्षं कोर्टाच्या कचेरीत नकला उतरवायच्या कामावर होते, हे इथे सांगायला पाहिजे. मूळ कागद समोर ठेवायचा आणि दुसऱ्या कागदावर जसाच्या तसा उतरवायचा. डावीकडे चार बोटं समास, ओळीखाली ओळ सरळ, शिरोरेखा अशी की फुटपट्टी लाजावी. कोणाचं भांडण, कोणाची वाटणी, कोणाचा घटस्फोट, त्याच्याशी बाबांना घेणंदेणं नव्हतं. त्यांनी फक्त अक्षर पाहिलं. अशा माणसापुढे मी ती थीम ठेवली होती.

"थीमच तशी हाय, बाबा. इंग्रजीसाठी बनवली हाय. ते अक्षरं सुटी सुटी दाखवते."

"मंग मराठीले कायले लावली? क एकीकडं, म एकीकडं. भांडले का एकमेकाशी?"

तिथून माझं सीएसएस सुरू झालं. थीमच्या सेटिंगमध्ये अगदी खाली एक रिकामी पेटी असते. तिच्यात आपले नियम लिहायचे, म्हणजे अक्षर केवढं, रंग कोणता, दोन ओळींत जागा किती. थीम मग मुकाट्याने ऐकते. ऐकते म्हणजे मनात आलं तर ऐकते. एका ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला की पुढचा नियमच तिला दिसत नाही, आणि आपण अर्धा रविवार डोकं धरून बसतो. मी अक्षरांमधली जागा शून्य केली, तेव्हा शिरोरेखा जुळली. तर बाबांना वरच्या वेलांट्या कापलेल्या दिसल्या. ओळींतली जागा वाढवली. मग मधले उतारे तिरपे दिसायला लागले, कारण थीमला इंग्रजी तिरपं आवडतं. "हे अक्षर काहून कलंडलं? पेलं का काय?" बाबा म्हणाले. सरळ केलं. मग रंग. थीममध्ये अक्षर राखाडी होतं. आजकाल सगळीकडे तसंच असतं, कोणाला काळं आवडत नाही. बाबा म्हणाले, शाई संपत आल्यासारखं दिसते. काळं केलं. एवढं सगळं झाल्यावर मी हुश्श केलं, तर त्यांनी मोबाइल पुढे केला. मोबाइलवर सगळं जसंच्या तसं बारीक! मोबाइलसाठी नियम वेगळे लिहावे लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. डोक्याचं दही झालं होतं. मी चिडून म्हटलं, "एवढं कोणासाठी चाललं हाय बाबा? वाचते कोण?"

बाबा खुर्चीवरून उठले आणि आत गेले. मला माझं बोलणं लागलं, कारण कोणासाठी ते मला माहीत होतं.

हे सगळं एका माणसासाठी चाललं होतं. मुकुटबनला माझे मोठेबाबा राहतात, बाबांचे थोरले भाऊ. ते शेती करायचे, आता मुलगा पाहतो. बारा वर्षांपासून हे दोन भाऊ बोलत नव्हते. शेत नाही, घर नाही, वाटणी नाही, काहीच मध्ये नव्हतं. मध्ये होती फक्त माझ्या आजीची मयत.

आजी आमच्याकडे दारव्ह्यात वारली, सकाळी सकाळी. मोठेबाबांना निरोप गेला, ते लगेच निघाले. मुकुटबनहून वणी, वणीहून यवतमाळ, यवतमाळहून दारव्हा, दिवस मोडतो. त्यात वणीच्या अलीकडे त्यांची जीप बिघडली. इकडे चार वाजले. जमलेले म्हातारे म्हणायला लागले, हिवाळ्याचा दिवस, अंधार लवकर पडतो, सूर्य बुडायच्या आत उरकलं पाहिजे. बाबा तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. चौथ्यांदा कोणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "उचला आता." बाबा हो म्हणाले. मोठेबाबा साडेपाचला थेट स्मशानात पोहोचले. तोवर अग्नी दिला होता, तोही धाकट्याने. थोरला मुलगा म्हणून जे त्यांचं होतं ते त्यांच्यावाचून झालं होतं, आणि आईचं तोंडही दिसलं नव्हतं. ते दूर उभे राहिले, मग तसेच मागे फिरले. घरी आले नाहीत. तेरवीलाही नाही.

बाबांनी दोन पत्रं लिहिली, दोन्हींना उत्तर आलं नाही. फोन केला तर तिकडून आवाज यायच्या आत कट. मग बाबांनी एक वेगळीच टूम काढली. "त्याच्यासाठी लिहिलं तर तो वाचणार नाही," ते मला म्हणाले, "सगळ्यायसाठी लिहिलं तर वाचीन." म्हणून ब्लॉग. त्याचं नाव 'आठवणी'. त्यात दोघं भाऊ लहानपणी पोहायला जायचे ती विहीर, मोठेबाबांनी बाबांना सायकल शिकवली तो उतार, आईच्या हातची ज्वारीची भाकर. मी दर रविवारी चढवायची आणि माझ्या चुलतभावाच्या मोबाइलवर लिंक पाठवायची. तो अंगठा पाठवायचा. त्या अंगठ्याचा अर्थ काय, हे देवालाच ठाऊक.

"मुकुटबनहून कोणी पाह्यलं का?" बाबा दर रविवारी विचारायचे. ब्लॉग फक्त आकडा दाखवतो, कोण कुठून आलं ते गाव सांगत नाही. पहिले काही महिने मी तसं सांगितलं. मग एका रविवारी माझं डोकं दुखत होतं, आठवडाभर कचेरीत बोलणी खाल्ली होती, आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, "हो, मुकुटबनहून वाचून राह्यले कोणीतरी." कटकट जावी म्हणून बोलले. बाबांचं तोंड असं उजळलं की मला ते परत घेता आलं नाही. त्यानंतर अक्षर आणखी मोठं करायची घाई सुरू झाली. "त्याचं वय ऐंशीच्या घरात हाय. बारीक नोको ठेवू." वीसचं बावीस झालं. पाप माझं होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

मागच्या हिवाळ्यात बाबांनी तो मजकूर लिहिला, ज्याच्यासाठी बाकीचं सगळं लिहिलं होतं. मयतीच्या दिवसाचा. वही माझ्या हातात देताना म्हणाले, "हे नीट लाव. यात चूक नोको." मी टाइप करताना एकदा थांबले, डोळे पुसले, पुन्हा लागले. सुरुवात होती, 'अंत्ययात्रेच्या त्या दिवशी…'

आणि मग बाबांना फोटो पाहिजे झाला. "कोण बोलून राह्यलं ते दिसलं पायजे." चांगला फोटो एकच निघाला, निवृत्तीच्या निरोप समारंभातला. तेव्हा ते तरतरीत होते, केस काळे होते, गळ्यात झेंडूचा हार. आजूबाजूचे साहेब लोक कापून मी फक्त बाबा ठेवले आणि पानाच्या वर लावला.

"उघडा उघडा वाटते," बाबा म्हणाले. "चौकट मार."

मारली. निळी.

"हे काय सिनेमाचं पोस्टर हाय?"

हिरवी केली, ती शाळेची वाटली. तपकिरी केली, ती पेटीच्या झाकणासारखी वाटली. सोनेरी केली, त्यावर ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. चार वाजले होते. सकाळपासूनचे कपडे भिजवलेले, इस्त्री राहिलेली, सोमवार डोक्यावर. मी मनात म्हटलं, काळी. काळ्याला कोणी नावं ठेवत नाही. दोन पिक्सेल काळी केली.

"दिसत नाही. जाड कर."

पाच. आठ. दहा.

"हां," बाबा म्हणाले. "आता कागद वाटते."

मी मजकूर चढवला, लिंक पाठवली, कपडे धुवायला गेले.

सोमवारी अकराच्या सुमाराला कचेरीत मोबाइल वाजला. नाव चुलतभावाचं होतं, आवाज त्याचा नव्हता. बारा वर्षांनी ऐकला तरी ओळखला.

"पोरी," मोठेबाबा म्हणाले, "मी निघून राह्यलो. मी येईस्तोवर उचलू नोका. यावेळी उचलू नोका माय."

आणि फोन बंद.

मला काहीच कळलं नाही. कोणाला उचलायचं? काय उचलायचं? मी पर्समधला दुसरा मोबाइल, घरचा, काढला. त्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर जोडलेले हातच हात, खाली खाली जातच होते. सगळ्यात वर चुलतभावाने आमच्या ब्लॉगच्या पानाचा फोटो टाकला होता आणि लिहिलं होतं, 'काका गेले.'

तेव्हा ते पान मी पहिल्यांदा पाहिलं. गळ्यात हार घातलेला माणूस. भोवती जाड काळी चौकट. वर 'आठवणी'. खाली 'अंत्ययात्रेच्या त्या दिवशी'. रोजच्या पेपरात सातव्या पानावर हेच तर असतं! शेंबड्या पोराला कळलं असतं. आख्खा रविवार मी त्या फोटोपुढे बसले होते, पण मी पिक्सेल पाहत होते, बाप पाहतच नव्हते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही शेंदूर न लावलेला, काळाकुट्ट.

चुलतभावाला फोन लावला. "अरे, बाबा धडधाकट हायत! सकाळी चहात साखर कमी म्हणून आईशी भांडले."

तो म्हणाला, "ताई, मंग हार कायले? काळी चौकट कायले? अंत्ययात्रा कायले?"

"खाली वाचलं का तू?"

"अशा टायमाले कोणी वाचते का?"

बरोबर होतं त्याचं. अशा वेळी कोणी वाचत नाही, हात जोडतात. मी विचारलं, मोठेबाबा कुठे आहेत. म्हणाला, गेले. तो आईला घेऊन मागून निघणार होता, पण मोठेबाबा कोणासाठी थांबायला तयार नव्हते. दोन घास खा म्हटलं तर खाल्ले नाहीत. समोरून जीप जात होती, तिला हात दाखवून एकटेच बसले. मोबाइल त्यांच्याजवळ नसतोच. "वणीच्या स्टँडवर माझा एक वळखीचा हाय. त्याले सांगतो, तिथंच उतरवून घेईन अन् परत पाठवीन. घरी येतील बिचारे दुपारपर्यंत."

सरळ गोष्ट होती. हो म्हणायचं. ऐंशी वर्षांचा माणूस उपाशी, एकटा, भाऊ मेला समजून पाच-सहा तासांच्या रस्त्याला लागला होता. हो म्हणायलाच पाहिजे होतं. पण वणीहून परत गेले की काय होईल तेही मला दिसत होतं. आपली थट्टा केली म्हणतील, आणि मग खरोखरच कोणी गेलं तरी यायचे नाहीत. बाबा पंचाहत्तरीचे. आणखी किती वर्षं मी त्यांना मुकुटबनहून कोणीतरी वाचतं म्हणून सांगणार होते?

"नोको," मी म्हटलं. "येऊ दे त्यायले."

"ताई, बुढा माणूस हाय. रडत गेला."

"येऊ दे म्हटलं नं!"

मला माझी लाज वाटली. अजूनही वाटते. पण मी नको म्हटलं, हे खरं आहे. साहेबांना अर्ध्या दिवसाची रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं. वडील जिवंत आहेत, असं तर लिहिता येत नव्हतं. घरी पाहुणे येणार, असं लिहिलं.

घरी पोहोचले तर वरांड्यात बाबांच्या शेजारी चाचा बसलेले. चाचांचं आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, बाबांशी चाळीस वर्षांची दोस्ती. ब्लॉगची लिंक त्यांनाही जाते. हात अजून ऑइलने काळे होते.

"बेटा, मी तर शटर पाडून पळत आलो," चाचा म्हणाले, "अन् हे इथं पेपर वाचून राह्यले! मंग म्हटलं, आलोच हाय तर चाय पिऊन जातो." मग बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मरणाची झूठी खबर आली की उमर वाढते. आता दहा साल काही हालत नाही हे."

आई मात्र संतापली होती. तिने मीठ, मोहरी आणि मिरच्या मुठीत धरून बाबांवरून उतरवून चुलीत टाकल्या होत्या, घरभर ठसका लागेल असा खाट उठला होता. "आधी ते अभद्र काढ! बापाले जितेपणी चौकटीत बसवते! एवढी शिकलेली पोरगी, एवढंही समजलं नाही?" मी बसले, ती एक ओळ पुसली, सेव्ह केलं. कम्प्युटरवर चौकट गेली. चाचांच्या मोबाइलमध्ये तशीच. मोबाइल जुनं पान धरून बसतो, त्याची आठवण पुसावी लागते. हे आईला समजवायच्या भानगडीत मी पडले नाही.

मग बाबांपुढे जाऊन उभी राहिले. "मोठेबाबा येऊन राह्यले."

त्यांनी पेपर खाली केला. "कोण?"

"मोठेबाबा."

"काहून?"

"तुमच्या मयतीले."

चाचांनी कप खाली ठेवला. बाबांनी पेपराची घडी घातली. "तू सांगितलं नाही त्याले?"

"सांगता आलं असतं. नाही सांगितलं."

मला वाटलं, आता कडाडतील. ते कडाडले नाहीत. घाबरले. खरंच घाबरले, मी बापाला तसं कधी पाहिलं नव्हतं. "तो येईन अन् मी असा बसलेला दिसीन," ते म्हणाले, "त्याले काय वाटीन?" असं म्हणून उठले, न्हाणीघरात गेले, दाढी केली. धुतलेला सदरा घातला. आईने पान वाढलं तर नको म्हणाले.

"काहून?" आई म्हणाली. "तुम्हाले काय झालं आता?"

"तो उपाशी निघाला असल. मयतीले निघालेला माणूस खाते का?"

"पण मयत कुठं हाय?"

"त्याच्यासाठी हाय नं," बाबा म्हणाले, आणि वरांड्यात रस्त्याकडे तोंड करून बसले. आईने दोनदा सांगितलं, पडा जरा. पडले नाहीत. तीन वाजले, चार वाजले. चार वाजता त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी नजर फिरवली. त्या घरात मला कुठे उभं राहावं कळत नव्हतं.

पाच वाजून गेल्यावर मोठेबाबा गल्लीच्या तोंडाशी दिसले. केवढे वाकले होते! खांद्यावर पांढरं उपरणं, हातात कापडी पिशवी. चाचांच्या दुकानापुढे थांबून त्यांनी विचारलं, आणि मी तोवर धावत तिथपर्यंत गेले होते म्हणून मला ऐकू आलं.

"नेलं का?"

चाचा पाना हातात धरून उभे होते. "नाही भाऊ," ते म्हणाले. "थांबले हायत तुमच्यासाठी."

मोठेबाबा भराभर चालायला लागले. मी हात धरला तर झटकला. फाटकाशी आले. आत तिरडी नाही, माणसं नाहीत, रडणं नाही. वरांड्यात एक माणूस उभा. मोठेबाबांनी मान पुढे काढून पाहिलं, मग आणखी दोन पावलं जवळ जाऊन पाहिलं.

"दादा," बाबा म्हणाले.

मोठेबाबांनी खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि त्याने बाबांना मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. उपरण्याने काय लागतं! "लाज नाही वाटत? लाज नाही वाटत तुले? वनीपासून रडत आलो मी. जीपमंदी लोक पाहत होते!" बाबा हलले नाहीत. मी मध्ये पडून म्हटलं, "मोठेबाबा, चूक माही हाय. चौकट म्या लावली." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मग ते पायरीवर बसले.

"पानी दे," म्हणाले.

बाबाच आत गेले, तांब्या आणला. मोठेबाबा वरूनच घटाघटा पाणी प्यायले, उपरण्याने तोंड पुसलं. मला राहवलं नाही. "मोठेबाबा, तुम्ही वाचत होते नं? बाबायचं लिहिलेलं?"

"काय वाचू?"

"मोबाइलवर. मोठ्या अक्षरात लावलं होतं. तुमच्यासाठीच."

"डोयात धुकं हाय पोरी. तीन साल झाले. मानसाचं तोंड वळखू येत नाही, अक्षर कुठून दिसीन?" ते म्हणाले. "पोरगा म्हने, काकाचं काहीतरी आलं. मी म्हनो, ठेव तिकडं. आज सकाळी पोरानं माह्या तोंडापुढं मोबाइल धरला, तं काळं चौकोनी दिसलं. तेवढंच दिसलं. इचारलं, हे काय हाय रे? तं तो बोलेच ना."

दोन वर्षांचे रविवार. शिरोरेखा, वेलांट्या, बावीस पिक्सेल, मोबाइलसाठी वेगळे नियम. त्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत गेलं नव्हतं. गेलं काय, तर माझा कंटाळा. बाबांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मुकुटबनहून वाचून राह्यले, हे मीच सांगितलं होतं. "खोटं बोलली बाबा," मी म्हटलं. त्यांनी नुसता हात हलवला.

मग ते आत गेले आणि ती वही घेऊन आले. मी कम्प्युटर आणू का विचारलं, नको म्हणाले. मोठेबाबांच्या शेजारी पायरीवर बसले, चष्मा लावला, आणि कचेरीत मूळ कागदाशी नक्कल ताडताना वाचायचे तसं एकेक शब्द सुटा करून वाचायला लागले. आजीची सकाळ, निरोप, जमलेली माणसं. मोठेबाबा समोर बघत होते. आई दारात येऊन उभी राहिली.

"'चार वाजता लोक म्हणाले, उचला आता,'" बाबांनी वाचलं. "'मी तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो होतो. चौथ्यांदा जायला पाहिजे होतं. दादा येत आहे, असं मला ठणकावून सांगता आलं असतं. मी मान हलवली. अंधार पडला असता तर पडला असता. मी थांबायला पाहिजे होतं. मी…'"

पुढचं त्यांना वाचता येईना. चष्मा काढून ते पुसत बसले, बराच वेळ, जणू काच फारच मळली होती.

मोठेबाबांनी चाचपडत हात पुढे केला आणि वही मिटली.

"पुरे," ते म्हणाले. "आज थांबला नं."

मग ते दाराकडे तोंड करून आईला म्हणाले, "वाढा बाई काही. सकाळपासून पोटात कन नाही."

"माह्याबी," बाबा म्हणाले.